अर्ध्या तिकिटाला अर्धा रस्ता

माझा भाऊ मिलिंद जन्मला तेव्हा त्याची दोन्ही पावलं आत वळलेली होती. तळवे एकमेकांसमोर, नमस्काराला हात जोडावेत तसे. मी तेव्हा दहा वर्षांची होते, आणि एवढ्या वर्षांनी घरात लेकरू आलं म्हणून मला ते पायसुद्धा देखणे वाटत होते. बघायला येणाऱ्या बायका मात्र दुपट्याचं टोक उचलून बघायच्या आणि हळूच मायला विचारायच्या, "गिरानात काही चिरलं होतं का गं?" माय मान खाली घालून आठवत बसायची. ग्रहणाच्या दिवशी वांगी चिरली होती की चिरली नव्हती, हे तिला कितीही आठवलं तरी नक्की सांगता यायचं नाही, आणि त्या न आठवण्यानंच ती खचत चालली होती. एक दिवस बाबांनी ते ऐकलं. कामावरून आलेले, अंगावर सिमेंटची पांढरट धूळ. म्हणाले, "गिरान आभाळात लागत असतं, माझ्या पोराच्या पायाला न्हाई. हे पाय सरळ व्हतेत का न्हाई, एवढंच बोला." बायका उठून गेल्या. त्यानंतर आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं की पाय सरळ होतात. हिंगोलीला हाडांचे डॉक्टर आहेत. लेकरू लहान आहे तोवर पाय मेणासारखे असतात. दर आठवड्याला थोडे वळवायचे, प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्यात काढून आणखी थोडे वळवायचे. "पण खंड पडू द्यायचा नाही," त्या म्हणाल्या, "एक आठवडा चुकला की केलेलं वाया जातं." बाबांना हे लगेच पटलं. ते गवंडी होते, गोरेगावच्या आसपास त्यांनी कितीतरी घरं बांधली. त्यांच्या लेखी जगात एकच शास्त्र पक्कं होतं, ओलं असताना वळवायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. डॉक्टरांनी जेव्हा मायला बजावलं की ओल्या प्लास्टरला दिवसभर जपा, कुठं दाबू देऊ नका, मांडीवर घेऊ नका, उशीवर सरळ ठेवा, तेव्हा बाबा हसून म्हणाले, "गिलाव्याचं मला काय सांगतेत!"

विहाराच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दवाखान्याच्या दिवशी तिथली पहाट वेगळी असायची. बाबांचं एक नवं घमेलं होतं, ते कधी वाळू-सिमेंटात गेलंच नाही, ते मिलिंदचं. त्यात कोमट पाणी ओतायचं, मायनं त्याला धरायचं आणि प्लास्टर भिजेपर्यंत मी पेल्यावर चमचा वाजवायचा. तो आवाज थांबला की मिलिंद रडायचा, म्हणून मी वाजवत राहायचे. टण टण टण, शेजारची कोंबडी ओरडायची, चुलीवर मायनं घाईनं टाकलेली भाकरी फुगायची आणि मी दुसऱ्या हातानं ती फिरवायचे. प्लास्टर मऊ झालं की बाबा पट्टीचं टोक शोधून सावकाश उलगडत जायचे. आतून लाल, सुरकुतलेले, आठवडाभर उजेड न पाहिलेले दोन पाय बाहेर यायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत ते मोकळे. त्या काही तासांत मिलिंद इतका पाय झाडायचा की जणू आठवड्याचं सगळं झाडणं त्याला तेवढ्यात उरकायचं होतं. हळदीच्या हंगामात सगळ्या गावाला शिजत्या हळदीचा वास यायचा आणि बाबांच्या बोटांना ओल्या प्लास्टरचा. अजूनही कुठं भिंतीचं काम चाललेलं असलं की माझी पावलं तिथं रेंगाळतात.

जाताना काही अडचण नसायची. सकाळची गाडी बरी, मिलिंद मायच्या मांडीवर. अडचण होती येतानाची. दवाखान्याचा वार आणि हिंगोलीच्या बाजाराचा वार एकच होता. दुपारच्या गोरेगावच्या गाडीला सगळा बाजार चढायचा. पिशव्या, पोती, तेलाचे डबे, पत्र्याच्या पेट्या, नवी केरसुणी, आणि त्यांना धरून माणसं. आमच्याकडं मात्र गुडघ्याच्या वरपर्यंत दोन ओली प्लास्टरं असलेलं लेकरू आणि एक उशी. गाडी फलाटाला लागली की मी त्या गर्दीच्या पायांतून आत शिरायचे, दोघांचं बाकडं पकडायचे, खिडकीच्या बाजूला उशी टाकायचे आणि माय येईपर्यंत त्यावर दोन्ही हात पसरून राहायचे. मग माय यायची, मिलिंदला उशीवर आडवं ठेवायची, आपण कडेला बसायची. आणि मी दांडी धरून उभी राहायचे, गोरेगावपर्यंत. तिकीट माझं निघायचं, हाफ. मिलिंदला तिकीटच नव्हतं. म्हणजे माझ्या अर्ध्या तिकिटाच्या जागेवर त्याचे पाय प्रवास करायचे.

लोक बोलायचे. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. कडेवर लेकरू घेतलेल्या बायका उभ्या, म्हातारी माणसं उभी, आणि दोन-तीन महिन्यांचं पोरगं अख्ख्या जागेवर झोपलेलं. "बाई, मांडीवर घ्या की लेकरू. एवढ्याशा जिवाला आख्खी शीट?" दर थांब्याला नवा माणूस चढायचा आणि दर थांब्याला माय तेच सांगायची, "वल्लं पलिस्तर हाय, दादा." कुणाला पटलं नाही तर ती दुपटं बाजूला करून पाय दाखवायची. लोक चुकचुकायचे, गप्प व्हायचे. मला ते दाखवणं नकोसं व्हायचं. वाटायचं, भांड बाई. तुझ्या जागेसाठी भांड, पण पाय दाखवू नको. आता कळतं की तिनं भांडण टाळलं ते भित्रेपणानं नव्हे. तिला महिनोन्‌महिने त्याच गाडीनं, त्याच माणसांबरोबर यायचं होतं.

आमच्या बाकड्याच्या पलीकडं, मधली वाट सोडून, बहुतेक दर आठवड्याला एक बाई असायच्या. हमीदाबी. गोरेगावात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, हिंगोलीहून माल आणायच्या. बांगड्यांची चौकोनी पेटी त्या मांडीवर घेऊन बसायच्या, दोन्ही हात तिच्यावर ठेवून. खड्डा आला की गाडीतली सगळी माणसं दांड्या धरायची. हमीदाबी पेटी उचलून धरायच्या. मला त्यांची तेवढीच ओळख होती. त्या कधी बोलल्या नव्हत्या.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे त्या दिवशी मी चिडलेली होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आमच्या वर्गाचा नाच होता आणि मी पहिल्या रांगेत होते. पण दर आठवड्याला एक दिवस माझा खाडा, आणि नेमकी त्याच दिवशी तालीम. आदल्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की शोभाची जागा आता दुसरीला दिली. त्या रागावून नव्हत्या बोलल्या, त्यांचाही नाइलाज होता. मी घरी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? मायला एका हातानं लेकरू आणि दुसऱ्या हातानं दवाखान्यातल्या चिठ्ठ्या, खिडक्या, रांगा सांभाळता येत नव्हत्या; मी लागायचेच.

गाडी खच्चून भरली होती. खांद्यावर टॉवेल टाकलेले एक गृहस्थ आमच्या बाकड्याशी येऊन थांबले आणि नेहमीचं बोलणं सुरू झालं. मायनं नेहमीचं सांगितलं. पण ते वकिली डोक्याचे होते. म्हणाले, "ते खरं हो. पण या शीटचं तिकीट कुणाचं हाय?"

"ह्या पोरीचं हाफ हाय, दादा. ती उभी राहते, तिच्या जागी लेकरू."

"व्हय का गं?" त्यांनी मला विचारलं.

मला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. दर वेळी म्हणायचे. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "तिकीट माझं हाय. आन मलाच बसायचंय."

आजूबाजूची माणसं हसली. ते गृहस्थही हसले, "पोरगी बराबर बोलली!" मला त्या हसण्यानं आणखी चेव आला. माय माझ्याकडं बघत राहिली. ती रागावली असती तर मी कदाचित तशीच उभी राहिले असते. ती रागावली नाही. तिनं उशीसकट मिलिंदला उचललं, गुडघे वळवून मला वाट दिली, आणि मी खिडकीशी जाऊन बसले. मिलिंदला तिनं दोन्ही हातांवर आडवं धरलं. डोकं माझ्या बाजूला, आणि ते दोन जड ओले पाय बाकड्याबाहेर, येण्याजाण्याच्या वाटेत. प्लास्टरला स्वतःची मांडीसुद्धा लागू नये म्हणून ती हात अधांतरी ठेवून बसली होती. मी बाहेर बघत होते. वारा येत होता. इतक्या महिन्यांनी मला खिडकीतून रस्ता दिसत होता, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं.

पुढच्या थांब्यावर माणसं चढली. कुणाच्या तरी डोक्यावर डबा, कुणाच्या हातात पोतं. "सरका, सरका" झालं. माय "लेकराचे पाय, लेकराचे पाय" म्हणत वळली, पण वळायला जागाच नव्हती. आवाज काहीच झाला नाही. ओल्या प्लास्टरचा आवाज होत नाही. गर्दी पुढं सरकली तेव्हा डाव्या घोट्याजवळ खळगा पडलेला दिसला, लिंबाएवढा. माय त्यावर फुंकर घालत राहिली. मी तो बघितला आणि परत खिडकीकडं तोंड केलं. वळताना हमीदाबी दिसल्या. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

दिवेलागणीला मिलिंद रडायला लागला आणि ते रडणं वेगळं होतं. भुकेचं नव्हे, झोपेचं नव्हे. बाबांनी कंदील जवळ आणला. डाव्या पायाची बोटं निळसर झाली होती, जांभळं चोळल्यासारखी. बोटं निळी दिसली तर थांबू नका, लगेच भिजवून काढा, हे दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलेलं. घमेलं आलं, पाणी आलं, मी पेला आणि चमचा घेतला; पण माझे हात वाजवेनात. बाबा घाईघाईनं पट्टी सोडत विचारत होते, "काहून दबलं? बाकड्यावर ठेवलं नव्हतं का?"

माय म्हणाली, "माझ्याच हातून दबलं. गाडीत डुलकी लागली मला."

बाबांनी उरलेली पट्टी सोडली. बोटं हळूहळू गुलाबी झाली, मिलिंद हुंदके देत झोपला. रात्री भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. मी खाल्ली, सगळी खाल्ली, कारण खाल्ली नसती तर कुणी तरी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी माय पुन्हा हिंगोलीला निघाली. बाबांनी कामाला दांडी मारायची म्हटली तर तिनं नको म्हटलं. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, शाळा होती. मी चप्पल घातली आणि तिच्या मागं गेले. डॉक्टर रागावले. "आठवडा गेला ना बाई," म्हणाले, "पाय परत होता तिथं आलाय." माय म्हणाली, "चूक झाली साहेब, पुन्हा न्हाई व्हणार." तिथंही तिनं तीच चूक स्वतःवर घेतली. मी भिंतीला टेकून उभी होते.

परतीची गाडी रिकामी होती, बाजार नव्हता. मायनं मिलिंदला खिडकीशी उशीवर ठेवलं. मी दांडी धरून उभी राहिले.

"बस की गं. सगळी गाडी मोकळी हाय."

मी मान हलवली. बसायचंच नाही असं मी ठरवलं होतं, बहुतेक जन्मभर.

माय म्हणाली, "तू उभी राहून त्याचे पाय सरळ व्हत न्हाईत, शोभे." आणि हाताला धरून मला मागच्या बाकड्यावर बसवलं.

तिच्या तोंडून त्या प्रकाराबद्दल निघालेले शब्द तेवढेच. मी पुढं शिक्षिका झाले, चाळीस-चाळीस मुलांना रागावण्यात आयुष्य गेलं, पण असं एक वाक्य मला एकदाही साधलं नाही.

मग आला पुढचा बाजार. गाडी लागली तशी मी उशी छातीशी धरून पायांतून आत घुसले. आमचं बाकडं आधीच कुणीतरी धरलेलं! खिडकीच्या जागेवर चौकोनी पेटी होती आणि बाकड्याच्या कडेला हमीदाबी, वाट अडवून उभ्या. एक माणूस त्यांना विचारत होता, "चाची, पेटीला शीट लागती का?"

"ही शीट पेटीची न्हाई," त्या म्हणाल्या. "पलिस्तरवाल्या पोराची हाय. त्याची माय येऊन राहिली खालून."

त्यांनी पेटी उचलली, मी उशी ठेवली. माय आली, बसली, त्यांच्याकडं बघून काहीतरी बोलायला गेली. पण हमीदाबींनी तिच्या मांडीवर सरळ बांगड्यांची पेटीच ठेवली. "हे धर. काच हाय, संभाळून." मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता बोलतील. गेल्या वेळी त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी पलीकडच्या बाकड्यावरची, पिशवी ठेवून धरलेली आपली जागा दाखवली.

"बस."

"मी उभी राहते."

"काहून? तिकीट न्हाई काढलं?"

"हाफ हाय."

"मंग अर्ध्या तिकिटाला अर्धा रस्ता. फाट्यापर्यंत तू बस, फाट्यापासून मी बसते. हिशेब बराबर." आणि माझ्या दंडाला धरून खाली बसवताना, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तुला भी तकलीफ होती बेटा, ते कुणी इचारलं न्हाई. आमा मोठ्यायनं इचारायला पाहिजे होतं."

मी त्या जागेवर बसले आणि रडू आलं. आठवडाभर आलं नव्हतं ते सगळं आलं. हमीदाबी दांडी धरून माझ्या समोर अशा उभ्या राहिल्या की गाडीतल्या कुणाला मी दिसू नये. त्यांच्या साडीला अत्तराचा आणि बांगड्यांच्या पेटीत भरलेल्या भुशाचा वास होता. फाटा आला तशी मी उठले, त्या बसल्या, आणि "लई पाय दुखले बाई," असं इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की शेजारचा माणूस ओशाळून सरकला आणि आम्ही दोघी बसलो.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते उजेडाचे. हमीदाबींचं बघून बाकीचेही शिकले. रोजच्या येण्याजाण्यातल्या माणसांना ते बाकडं माहीत झालं. नवा कुणी बसायला गेला तर माय तोंड उघडायच्या आत चार जण सांगायचे, "तिथं नको पाव्हणं, तिथं पलिस्तर हाय." दुपटं उचलून पाय दाखवायची वेळ मायवर पुन्हा आली नाही. तो टॉवेलवाला माणूसही एकदा भेटला. त्यानं आम्हाला ओळखलं की नाही ठाऊक नाही, पण पोतं पायाशी घेऊन, कुणाचा धक्का लागू नये म्हणून तो आमच्या बाकड्याला पाठ लावून गोरेगावपर्यंत उभा राहिला. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणायचे, "एक फुल, एक हाफ, आन एक पलिस्तर." सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे. बाबांना हे सगळं मी रंगवून सांगायचे. फक्त पहिला भाग सोडून.

त्या भागाबद्दल मी मायशी बोलले ते तिच्या शेवटच्या आजारपणात. म्हटलं, बाबांना तू डुलकी लागल्याचं सांगितलंस, ते माझ्यासाठी ना? ती बराच वेळ आठवत राहिली. म्हणाली, "खरंच लागली असंल गं डुलकी. लई थकलेली असायची मी तवा." मला अजूनही कळलेलं नाही की ती खरंच विसरली होती, का तेव्हाही मला जागाच करून देत होती. आता एस.टी.त मलाच सवलतीचं तिकीट मिळतं, आणि नातवंडांना घेऊन निघाले की अनोळखी पोरी उठून "बसा आजी" म्हणतात. मी बसते. संकोच करत नाही. देणाऱ्याला देऊ द्यावं, हेही मी त्याच गाडीत शिकले.

प्लास्टरं संपली. मग बूट आले, दोन्ही बूट जोडणारी पट्टी असलेले, मग नुसते बूट. दवाखान्याचे हेलपाटे महिन्यावर आले. मिलिंद वर्ष उलटून चार-पाच महिन्यांचा झाला होता. धरून उभा राहायचा, पण हात सोडला की मटकन बसायचा. त्या दिवशीही बाजार होता. गाडी फलाटावर लागलेली, अर्धीअधिक भरलेली, सुटायला थोडा अवकाश. माय त्याला मांडीवर घेऊन मागच्या बाजूला बसली होती, कारण आता आम्हाला कुठलीही जागा चालत होती. हमीदाबी पुढं होत्या. त्यांनी तिथूनच बांगड्यांचा एक जुडगा काढून खुळखुळवला, "ए मिल्या!"

मिलिंद मायच्या मांडीवरून घसरून खाली उतरला. मायनं हात पुढं केला, मी तो धरला. का धरला, सांगता येत नाही. तो बाकड्याच्या दांडीला धरून उभा राहिला. मग दांडी सोडली. एक पाऊल. पाऊल सपाट पडलं, अख्खा तळवा जमिनीला टेकला. दुसरं पाऊल. दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपोआप पिशव्या आत ओढल्या, पाय आत घेतले, एका म्हाताऱ्यानं वाटेतली काठी उचलून मांडीवर घेतली. त्या गाडीला एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. तीन बाकडी ओलांडून तो डगमगला. एका बाईचा हात पुढं झाला आणि त्याला न धरता नुसता जवळ राहिला. तो सावरला. चौथं बाकडं, पाचवं. आणि मग तो पळाल्यासारखा पुढं झेपावला आणि हमीदाबींच्या गुडघ्यांवर आदळला. त्यांनी बांगड्या बाजूला टाकल्या आणि त्याला उचलून वर घेतलं. मायचा हात मी तेव्हा कुठं सोडला.

कंडक्टर पुढच्या दाराशी उभे होते. गाडी सुटायची वेळ होऊन गेली होती. घंटीची दोरी त्यांच्या हातात होती, पण त्यांनी ती ओढली नव्हती.

"बसलं का लेकरू?" त्यांनी विचारलं.

"बसलं, बसलं!" सगळी गाडी एकदम म्हणाली.

मग त्यांनी दोन वेळा दोरी ओढली, आणि गाडी निघाली.